परदेशी पहिलवानाचा शड्डू

“पडनारानी फिलम कोनीच काढत नही, हाऊच मना झगडा शे. इतल्या फिलमी निंघी ऱ्हायन्यात, पन जो उचलीसन आपटस त्यानीच. जो खाले पडस त्याले काय आंग नही का?”

चुडामणभाऊ हे बोलले तेव्हा गुडघ्यापर्यंत रुईत उभे होते. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्याफेक, आणि रुमालातूनही आवाज असा की समोरच्या भांड्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून पाहील.

“पडानं ठरेलच राहस भो,” बन्सीलालनाना म्हणाले. “ठरेल कामनी काय फिलम?”

“लगीन बी ठरेलच राहस नाना. त्यानी फिलम हाऊ हितेंद्र काढस ना? आनि घरना लोके ती धा-धा डाव दखतस.”

हितेंद्र हसला. तो लग्नाचं शूटिंग करतो, त्याला हे लागू पडलं.

अमळनेरच्या बाजारात चुडामणभाऊंचं गादी-रजईचं दुकान आहे. पुढे ओटा, मागे पिंजायचं मशीन, आणि मधल्या जागेत जेमतेम तीन माणसं बसतील एवढी गादी. दुपारची जेवणं झाली की ती तीन माणसं येतात आणि विषय एकच निघतो, टीव्हीवरच्या कुस्त्या. मातीतल्या नव्हेत, त्या दोऱ्यांच्या चौकोनातल्या. बन्सीलालनाना एसटीत कंडक्टर होते. या कुस्त्यांना ते नुरा म्हणतात, म्हणजे आधीच ठरवून खेळलेल्या, आणि एकही चुकवत नाहीत. तिसरी वृषाली. ती पोस्टात काउंटरला बसते आणि सुट्टीत डबा घेऊन इथे येते. लहानपणी पहिलवानांच्या पत्त्यांत तिने गल्लीतल्या झाडून साऱ्या पोरांना कंगाल केलं होतं. ते पत्ते तिने अजून बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत आणि कोणाला हात लावू देत नाही.

त्या आठवड्यात फोनवर बातमी आली होती की कुठली परदेशी कंपनी जुन्या पहिलवानांच्या आयुष्यावर खऱ्याखुऱ्या फिल्मा काढणार आहे, आणि पहिली कोणाची काढावी हे बघणाऱ्यांनाच विचारते आहे. झालं. रजया पडून राहिल्या. आमच्याकडे त्या पहिलवानांची खरी नावं कोणाच्या जिभेवर बसली नाहीत, म्हणून ज्याची त्याची ठेवलेली नावं. नानांना हवी झिप्र्याची, कारण तो रडका. हितेंद्रला हवी लंब्याची, कारण त्याच्यात उंचावरून घेतलेले शॉट चांगले येतील. वृषालीला बायकांच्या कुस्त्यांवर हवी, आणि तिचं म्हणणं असं की त्यांना नेहमी शेवटची पाच मिनिटं देतात, फिल्म तरी पुरी द्या.

“परदेशना जाऊ द्या,” हितेंद्र म्हणाला. “आपलीच काढू ना एक. धुळ्याची.”

धुळ्याची म्हटल्यावर पुढचं सांगावं लागत नाही. तरी नवख्यासाठी सांगतो. केबल नुकती आली होती त्या साली धुळ्यात एक दंगलपार्टी उतरली. तंबू, दोऱ्या, लाइटी आणि पाच-सहा पहिलवान. त्यातला एक लाल मुखवट्याचा. तो परदेशातून आलाय, त्याला आपली भाषा येत नाही, असं भोंग्यावर सांगायचे. बोलायचा नाही, नुसता गुरगुरायचा. लोक त्याला शिव्या द्यायला तिकीट काढायचे. शेवटच्या दिवशी भोंग्यावर आव्हान दिलं की कोणी माईचा लाल असेल तर वर या, याला पाडेल त्याला इनाम. आणि वर गेले अमळनेरचे देवचंदभाऊ, तेलाच्या मिलमधले हमाल, वृषालीचे वडील. त्यांनी त्या परदेशी पहिलवानाला धोबीपछाड मारून चीत केलं. गावात मिरवणूक निघाली. देवचंदभाऊ वारले तेव्हाही ओट्यावर बसलेल्या माणसांनी मिलमधल्या नोकरीचं काही काढलं नाही, या एका कुस्तीचंच काढलं.

“काढ तू फिल्म,” वृषाली म्हणाली. तिने डब्याचं झाकण तसंच हातात धरलं होतं. “बाबांची काढ.”

 चुडामणभाऊंनी मशीन चालू केलं आणि मग कोणालाच बोलता आलं नाही.

हितेंद्रचे वडील मोतीलाल हेही शूटिंगवाले. त्यांच्या पेटीतून त्या दिवसाची कॅसेट निघाली. हितेंद्रने ती फोनवर उतरवून घेतली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिघांची डोकी एका फोनवर आली. चुडामणभाऊ लांबूनच दाभणात दोरा ओवत बसले.

चित्र पाणी पडल्यासारखं, पण दिसत होतं. देवचंदभाऊ दोरीखालून आत शिरले. खाली वाकले. मातीतला माणूस, कुस्तीआधी माती कपाळाला लावायची सवय. तिथे माती कुठली, गादी होती. त्यांनी गादीलाच हात लावला आणि तो कपाळाला नेला. समोरचा लाल मुखवटाही वाकला. त्यानेही गादीला हात लावला, कपाळाला नेला, आणि दोन पावलं मागे सरून मांडीवर शड्डू ठोकला.

“थांब,” नाना म्हणाले. “मांगे ले.”

हितेंद्रने मागे घेतलं. पुन्हा शड्डू.

“परदेशना मानूस सलामी करस का रे? शड्डू ठोकस का? हाऊ ते आपला कडलाच कोनी शे.” नानांना विनातिकीट प्रवासी पकडल्यासारखा आनंद झाला. “म्हंजे बठ्ठं ठरेल व्हतं. आपलाच मानूस मुखवटामा, आपलाच मानूस बाहेर. देवचंदले जिताडाकरता पडना तो.”

मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी कोण बसलंय.

वृषालीने डबा बंद केला. “मला वाटायचंच नाना,” ती म्हणाली. “बाकी सगळ्या ठरलेल्या, मग हीच एक कशी खरी असेल?” ती उठली, चप्पल घातली आणि गेली. पोस्ट उघडायला अजून बराच वेळ होता.

“मी काय वाईट बोलनू?” नानांनी विचारलं.  आतून चुडामणभाऊंच्या पत्नी पुष्पाबाई म्हणाल्या, “काही नही. चिल्लर सुट्टी नही म्हनीसन पॅसेंजरले खाले उतारतस ना, तसं बोलनात.”

आता चुडामणभाऊंचं सांगितलं पाहिजे. पांझरेकाठच्या खेड्यातला हा माणूस. शेत एवढंसं की बैल वळवायला शेजाऱ्याच्या बांधावर जावं लागे. गावच्या तालमीत अंग कमावलं, आणि पोटासाठी अमळनेरला एका पिंजारीचाचांच्या हाताखाली रुई पिंजायला राहिला. चाचांनी शिकवलं की गादी हाताने भरायची नसते, पाठीने भरायची असते. स्वतः तिच्यावर आडवं व्हायचं, जिथे टोचेल तिथे सोडवायचं. धुळ्याच्या दंगलपार्टीला आखाड्याखालच्या गाद्या हव्या होत्या, त्या भरायला चाचांनी चुडामणला धाडलं. तिथे मुखवटेवाला पहिलवान कावीळ होऊन पडला, आणि पार्टी चालवणाऱ्या उस्तादाने गाद्या भरणाऱ्या पोराचे खांदे पाहिले.

उस्ताद एकच बोलला, “नकाब उतरा तो सबका पेट उतरा. ना यहाँ, ना घर में, ना मेरे मरने के बाद.” चुडामणने रुईवर हात ठेवून शब्द दिला. उस्ताद जाऊन जमाना झाला, पार्टी मोडली, तरी शब्द होता तिथेच.

तेव्हापासून त्यांचा डावा खांदा वर जात नाही. रुई झोडपायची काठी उजव्याच हाताने चालते. विचारलं तर म्हणायचे, बैलगाडीवरून पडलो. आणि देवचंदभाऊ होते तोवर दर हिवाळ्यात तिळाच्या तेलाची बाटली आणून ओट्यावर ठेवायचे. “खांदाले लाव,” एवढंच म्हणायचे. का आणतात ते कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी वृषाली आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. नाना येऊन बसायचे आणि भिंतीकडे पाहायचे. एकदा म्हणाले, त्या फिल्मा निघाल्या तरी आपल्याला काय करायच्यात. यावरून कळावं, माणूस किती खचला होता.

चुडामणभाऊंनी एक रजई दोनदा उसवून दोनदा भरली. मग हितेंद्रला फोन लावला. “पोस्ट सुटनं का त्या पोरले लई ये. कॅमेरा बी लई ये. नानाले सांगानी गरज नही, तो आठेच बठेल शे.”

चुडामणभाऊ ज्या उशीवर बसून टाके घालतात ती कधी कोणी पिंजलेली पाहिली नाही. दगड झालेली. संध्याकाळी सगळे जमल्यावर त्यांनी ती मांडीवर घेतली आणि कात्रीने उसवायला लागले.

“ती उशी काब्र फोडी ऱ्हायनात?” पुष्पाबाई चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. मग त्यांनी हितेंद्रचा कॅमेरा पाहिला, वृषालीला पाहिलं, आणि चहा खाली ठेवला. “फोडा मंग. मी दरसाल ऊनमा ठेवस, मनमा म्हनस, आत काय शे ते माले म्हाईतच नही.”

उशीतून गोळा झालेली काळी रुई निघाली आणि रुईतून लाल कापड. चुडामणभाऊंनी ते झटकलं, पाठ फिरवली आणि डोक्यावरून ओढलं. माणूस जाड झाला होता, मुखवटा तेवढाच राहिला होता. कान कुठे कोंबावेत ते कळेना. शेवटी रुईच्या गठ्ठ्यावर बसून ते म्हणाले, “चालू कर.”

नानांचं तोंड उघडं राहिलं ते तसंच.

“मी परदेशना पहिलवान,” मुखवटा अहिराणीत बोलला. “नाव-गाव इचारू नका, सांगानी बंदी शे. पडानं मनं रोजनं काम व्हतं. पन त्या दिन उस्तादनी सांगेल व्हतं, जो वर चढी त्याले पाड, इनाम द्यानं नही. मी पाडाले उभा व्हतू. मंग देवचंदभाऊ उना. त्यानी गादीले हात लाईसन कपायले लावा. मना हात मले इचारीसन नही गया, आपला आपलाच गया. शड्डू बी ठोकाई गया. एकडाव सलामी झायी ते मंग नुरा खेयता येत नही. खरं का नही नाना?”

“खरं शे,” नाना म्हणाले. ते कंडक्टर असले तरी मातीतलेच होते.

“पन तुम्ही पडलात,” वृषाली म्हणाली. “रोज पडायची सवय. कशावरून त्या दिवशीही पडला नाहीत?”

तिचा आवाज काउंटरवरचा होता, कागद पुरे आहेत का ते पाहणारा. तिला समजूत नको होती.

मुखवट्याने बसल्या गठ्ठ्याची कड दाबून पाहिली. “गादी मीच भरेल व्हती, पोरी. मधमा चांगली रुई. कडले रुई पुरनी नही म्हनीसन चिंध्या कोंबेल, खाले नुसत्या लाकडन्या फया. कोठे पडानं ते माले डोया झाकीसन म्हाईत. रोज मी मधमाच पडे, आवाज मोठा आनि लागे काहीच नही. हितेंद्र, दखाड तिले, त्या दिन मी कोठे पडनू.”

हितेंद्रने फोन काढला. देवचंदभाऊंनी हात खांद्यावर घेतला, कंबर वळवली, लाल मुखवटा हवेत गेला आणि दोरीजवळ, अगदी कडेला, डाव्या खांद्यावर आला. त्यानंतर तो हात त्याने उचलला नाही.

“आपखुशीघाई तठे कोनता गादीवाला पडी?” मुखवटा म्हणाला. “मी पडनू नही. तुना बापनी माले पाडं.”

नाना फोनवर वाकले. “कडले पडना,” ते पुटपुटले. “फयीवर पडना. परत दखाड रे.” त्यांनी तीनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा मांडीवर थाप मारली.

वृषालीने एकदाच पाहिलं. “ती तेलाची बाटली,” ती म्हणाली. “आई दर थंडीत भांडायची, घरात तेल नाही आणि तुम्ही बाहेर नेता. बाबा म्हणायचे, देणं आहे. त्यांना ठाऊक होतं आत कोण आहे?”

“त्यानी कधी इचारं नही. मी कधी सांगं नही. तेल चांगलं राहे.”

ती हसली आणि तिने नाक पुसलं. दुकानात रुई उडत होती, नाक सगळेच पुसतात.

“भाऊ, शेवटी मुखवटा काढता का?” हितेंद्रने विचारलं. “भारी शॉट होईल.”

“नही.”

“नको,” वृषालीही म्हणाली. “परदेशी आहे तो. परदेशीच राहू दे.”

“परदेशले चहा चालस का?” पुष्पाबाईंनी विचारलं. चालला. मुखवट्याच्या फटीतून तो निम्मा आत गेला, निम्मा छातीवर आला. नाना म्हणाले, कंपनी कोणाच्याही फिल्मा काढो, पहिली हीच. आणि तिच्यात कंडक्टर शहाणा दाखवायचा. यावर भांडण सुरू झालं.

चुडामणभाऊ मशीनमागे जाऊन आपल्या तोंडाने परत आले. मुखवटा उशीत गेला, काळी रुई त्याच्यावर गेली, आणि दाभणाने टाके पडले, जवळ जवळ, नव्या नवरीच्या गादीला घालतात तसे. ते उशीवर बसले, हलून पाहिलं, पुन्हा बसले.

“उठा आते बठ्ठा,” ते म्हणाले. “सिंदखेडाना नवरदेव सकाय टेम्पो लई येवाव शे, आनि त्यानी गादी आजून गठ्ठामाच शे.” त्यांनी रुमाल तोंडाला बांधला, उजव्या हातात काठी घेतली आणि रुई झोडपायला लागले.