रडू देणारी भिवराबाई

दोन हजार अठराच्या दुष्काळात पाण्याचा टँकर आमच्या दूध संस्थेच्या दारात यायचा. मी संस्थेचा सेक्रेटरी, राधाकिशन. दूध सकाळचं, टँकरही सकाळचाच, त्यामुळं भांडणं फुकटात बघायला मिळायची. पण रांग मोडायची कुणाची टाप नव्हती, का तर तिथं भिवराबाई उभी असायची. एका म्हशीची सभासद, गुडघे ऊसतोडीत गेलेले, आवाज मात्र शाबूत. एकदा चेअरमनच्या बायकोची घागर मधेच घुसली, तर हिनं ती उचलून शेवटाला नेऊन ठेवली. चेअरमन माझ्याकडं बघत राहिले आणि मी दुधाच्या कॅनकडं.

रांग मोडायची ती फक्त म्हाळू, गावातल्या ताराची सहा वर्षांची पोरगी. नाव म्हाळसा, पण तेवढं कोण म्हणतंय! तिच्या हृदयाला जन्मतःच छिद्र. रडली की ओठ निळे पडायचे, म्हणून तिला कुणी रडूच द्यायचं नाही. मागंल ते हातात. पुढं औरंगाबादला ऑपरेशन झालं, निळं पडणं थांबलं, पण लाड काही थांबले नाहीत. पोरगी चावायची, घागरी लाथाडायची, आणि कुणी डोळे वटारले की म्हणायची, "मी मरून जाईन हां!" झालं, मागितलेलं पुन्हा हातात. शेजारणींनी आपली पोरं तिच्याजवळ पाठवणं सोडलं होतं आणि शाळेतल्या बाई लांबूनच हात जोडायच्या.

दिवाळी झाली. तारा आणि तिचा नवरा त्रिंबक ऊसतोडीला निघायचे होते. मुकादम नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतो, त्यात एकाला मागं राहता येत नाही. आदल्या साली म्हाळूला उसाच्या फडात नेलं तर थंडीतापानं फणफणली, आणि दवाखाना कोसभर लांब. यंदा गावात ठेवावी म्हटलं, तर सख्खा मामासुद्धा नको म्हणाला. तारा संस्थेच्या पायरीवर डोकं धरून बसली.

भिवराबाई म्हणाली, "ठेव माझ्यापाशी. पर एक सांगते, म्या तिला रडू देनार."

"मावशी, असं का बोलता वो?"

"ऑपरेशनला म्या तुझ्यासंगं व्हते का न्हाई? डाक्टर काय म्हनला? काळीज आता चांगलं हाय, इतर पोरांवानी वागवा, रडली तर रडू द्या. तू बी ऐकलंस, म्या बी ऐकलं."

ऐकलं होतं अख्ख्या गावानं. करून बघायची हिंमत कुणात होती? पण ताराला दुसरा इलाजच नव्हता. ती गेली.

दुसऱ्याच सकाळी म्हाळूनं दोन घागरी लाथाडल्या आणि थेट टँकरच्या नळीखाली जाऊन उभी राहिली. भिवराबाईनं तिला उचललं आणि रांगेच्या शेवटाला नेऊन ठेवलं. मग काय विचारता! पोरगी चिखलात लोळली, किंचाळली, भिवराबाईच्या मनगटाला कडकडून चावली. बायका ओरडायला लागल्या, "आवं, उचला तिला, कायबाय होईल!" मीही बाहेर पळालो. म्हटलं, "मावशी, काही झालं तर ताराला काय तोंड दाखवाल?"

"राधाकिशन, तू तुझं दूध बघ."

ती चिखलातच पोरीजवळ बसली. "रड. म्या हितंच हाय. पर नंबर शेवटचाच." आवाज ठणठणीत. पण मी जवळ उभा होतो, मला दिसलं. म्हातारीची नजर पोरीच्या ओठांवरून हलत नव्हती. भीती तिलाही होती, आमच्याहून जास्त होती, कारण पोर तिच्या भरवशावर होती. तरी ती बसून राहिली. मी भलेभले पाहिलेत, अशी छातीची बाई नाही पाहिली.

ओठ लालच राहिले. रडणं हुंदक्यांवर आलं तेव्हा म्हाळूनं हळूच विचारलं, "आता मी मरनार का?"

अरे देवा! आम्ही हिला हट्टी म्हणत होतो, आणि लेकरू घाबरलेलं होतं. कळायला लागल्यापासून सगळ्यांच्या तोंडावर तिला तीच मरणाची भीती दिसली होती.

भिवराबाईनं म्हाळूचाच तळहात तिच्या छातीवर, टाक्यांच्या वणावर ठेवला. "बघ, वाजतंय का?"

"वाजतंय."

"मंग? रडून बंद पडलं का?"

"न्हाई."

"चल, घागर उचल."

एका दिवसात पोर सुधारली असं सांगून तुम्हाला फसवत नाही. हिवाळाभर भिवराबाईच्या हातावर दातांचे वळ असायचे. मला तर त्या पोरीचा असा राग यायचा की बस्स! पण म्हातारी दर वेळी तिच्याजवळ बसायची, आणि रडणं सरलं की हात छातीवर ठेवायला लावायची. हळूहळू चावे कमी झाले. म्हाळू रांगेत उभी राहून दुसऱ्या पोरींशी खडे खेळायला लागली.

गुढीपाडव्याच्या सुमारास तारा परतली. ट्रॅक्टरमधून उतरली ती डोक्यावरच्या बोचक्यासकट टँकरपाशीच आली. म्हाळूचा नंबर नुकताच लागला होता. ती भरलेली कळशी घेऊन निघाली आणि चिखलात तिचा पाय घसरला. कळशी आडवी, गुडघा फुटला, पाणी मातीत. म्हाळूनं भोकाड पसरलं.

तारा बोचकं टाकून धावली. भिवराबाईनं तिचा दंड पकडला.

"सोडा मावशी, मरंल ती!"

"थांब म्हन्ते ना!"

म्हाळू पोटभर रडली. मग नाक पुसलं, रिकामी कळशी उचलली आणि गुमान शेवटाला जाऊन उभी राहिली. तिथून तिला आई दिसली.

ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा डोळ्याला पाणी न आलेली तारा तिथंच खाली बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. म्हाळू आपल्या नंबरावर कळशी ठेवून पळत आली. तिनं आईचा हात धरला आणि आईच्याच छातीवर ठेवला.

"रड तू," ती म्हणाली. "वाजतंय का बघ."