पाइपवरचा एक ठोका

गल्लीतले लोक त्यांना फोरमन म्हणतात. ते फोरमन कधीच नव्हते. इस्पितळांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत ते बॉयलरवर होते. बॉयलर पेटवायचा, दाब सांभाळायचा आणि वरून मागणी आली की वाफ सोडायची, हे काम. मागणी ठोक्यांनी यायची. वरच्या हॉलमधून कोणी पान्याने पाइपवर एकदा ठोकलं की धुलाईला वाफ, दोनदा ठोकलं की इस्त्रीला. खाली यंत्रांच्या आवाजात माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, पण ठोका लोखंडातून थेट कानात यायचा.

"वर कोणीही असो, ठोकल्याशिवाय वाफ नाही," फोरमन अजूनही सांगतात. "मालक एकदा स्वतः ठोकायला आले होते. त्यांनाही थांबवलं मी. दाब चढला नव्हता."

मग लाँड्रीने नवा बॉयलर घेतला. तो आपला आपण पेटायचा, आपला आपण विझायचा, वाफ लागेल तिकडे सोडायचा. त्याच्यापाशी माणूस लागत नव्हता. फोरमनना एक मनगटी घड्याळ दिलं, चहा पाजला आणि मुदतीच्या आधी घरी पाठवलं. घड्याळ डबीतून बाहेर निघालं नाही.

घर त्यांचं स्वतःचं, अरुंद आणि उंच, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. खाली तळघर. या गावात थंडी येते ती पाहुण्यासारखी नाही, भाडेकरूसारखी येते आणि लवकर जागा सोडत नाही. म्हणून तळघरात गॅसचा बॉयलर आहे. त्याचं गरम पाणी एका वाटेने खोल्यांमधल्या रेडिएटरमध्ये फिरतं आणि खोल्या उबदार ठेवतं. दुसऱ्या वाटेने गेलं की नळाचं पाणी तापतं. या दोन वाटांच्या मध्ये तीन तोंडांचा एक व्हॉल्व्ह असतो. इतरांच्या घरी तो एक छोटी मोटर फिरवते आणि त्या घरांतल्या माणसांना असा काही व्हॉल्व्ह असतो हेही माहीत नसतं. फोरमननी मात्र लाँड्री सुटल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत मोटरचा व्हॉल्व्ह काढला आणि हाताने फिरवायचा बसवला. लिव्हर डावीकडे केला की खोल्या, उजवीकडे केला की नळ.

बायकोने विचारलं, "होता त्याला काय झालं होतं?"

"मोटर जळते कधीतरी. हात जळत नाही."

तेव्हापासून घरात ठोके सुरू झाले. आंघोळीला जायचं तर मगाने पाइपवर एक ठोका. भांडी घासायची तर पळीने दोन. फोरमन तळघरात स्टुलावर बसलेले असत. ठोका आला की लिव्हर फिरवत, अंदाजाने तेवढा वेळ थांबत आणि परत खोल्यांकडे वळवत. ते बाजारात गेले असले, त्यांचा डोळा लागला असला किंवा शेजाऱ्याशी गप्पांत रमले असले, तर पाणी गार. अंगाला साबण लावून थांबायचं आणि मग ठोकत राहायचं.

"घरात राहतोय की तुरुंगात?" लेक लग्नाआधी म्हणायची. "कैदी असेच भिंतीवर ठोकतात."

एवढ्यावर भागलं असतं तर वहिनींनी चालवून घेतलं असतं. वहिनी म्हणजे फोरमनची बायको. अख्खी गल्ली त्यांना वहिनी म्हणते. पण बॉयलरची दुखणी वेगळीच होती. वारा धुराड्यातून उलटा आला की ज्योत विझायची. फोरमननी धुराड्याला पत्र्याची टोपी केली, तर धूर कोंडायला लागला. टोपीला भोकं पाडली, तर ती वाऱ्यात शिटी वाजवायला लागली. पाणी फिरवणारा पंप अडकला की त्याला हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकायचं. रेडिएटरमध्ये हवा साठली की वरचा भाग गार पडायचा. ती हवा सोडायची किल्ली फोरमनच्या शर्टाच्या खिशात असे आणि ती दुसऱ्या कोणाच्या हाती कधी गेली नाही. रोज काहीतरी बिघडायचं. रोज फोरमन ते चालू करायचे. नीट मात्र करायचे नाहीत. पंप बदलायला हवा हे त्यांना माहीत होतं आणि तो कुठे मिळतो हेही माहीत होतं.

समोरचा शिंपी सकाळी दुकान उघडताना हाक मारायचा, "काय फोरमन, आज गाडी सुटणार का?"

"सुटेल. जरा दाब चढू दे."

फोरमन खुशीत हात पुसत बाहेर यायचे. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असायचं, ते वहिनींना घरात बघायला मिळत नसे.

वहिनींची बोटं सुजायला लागली ती तीन-चार हिवाळ्यांपूर्वी. सांधे लाल व्हायचे, सकाळी मूठ वळायची नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, गार पाण्यात हात घालायचा नाही, खोली उबदार ठेवा. वहिनींनी ते घरी येऊन सांगितलं. फोरमन म्हणाले, "ठोक ना मग. मी आहेच खाली."

"मगाची कडी धरवत नाही हो मला."

"मग हाक मार."

"हाक ऐकू येते तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पाइपला दोरीने एक लाकडी ठोकळा बांधून दिला, हलका, कापड गुंडाळलेला. बोटांना लागू नये म्हणून. त्यावर त्यांनी बराच वेळ घालवला होता. वहिनी त्या ठोकळ्याकडे बघत राहिल्या आणि मग सरळ म्हणाल्या, "हे बघा, या थंडीत जर पाणी नीट आलं नाही, तर मी लेकीकडे जाईन. रुसून नाही. राहायलाच जाईन."

"जाशील कुठे," फोरमन म्हणाले.

थंडी सुरू व्हायच्या बेताला फोरमनच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. डॉक्टरांनी वाकायला, धुळीत जायला, वजन उचलायला मनाई केली. तळघराचा जिना उतरायचा म्हणजे ही तिन्ही पथ्यं मोडायची. म्हणून जावयाने त्यांना आणि वहिनींना आपल्या घरी नेऊन ठेवलं. फोरमन तिथे सोफ्यावर काळा चष्मा लावून बसले आणि लेकीच्या नळाला पाणी गरम कसं येतं यात खोट काढत राहिले.

तेवढ्यात वहिनींनी मेकॅनिक बोलावला. झाडांना पाणी घालायचं निमित्त करून त्या घरी आल्या. मेकॅनिक मध्यमवयीन, पोट सुटलेला, सतत स्वतःशी पुटपुटणारा माणूस. तळघरात जाऊन त्याने सगळं पाहिलं आणि वर येऊन विचारलं, "हे कोणी केलंय?"

"आमच्या ह्यांनी."

"खाली चोवीस तास माणूस बसवावा लागेल हो याला."

"बसतात," वहिनी म्हणाल्या.

मेकॅनिक हसला. वहिनी हसल्या नाहीत, तसा तो कामाला लागला. त्याने पंप बदलला, धुराड्याची टोपी काढून नीट झाकण बसवलं, ज्योतीजवळची काजळी काढली आणि मोटरचा व्हॉल्व्ह लावला. भिंतीवर एक चकती बसवली. "खोली किती गरम हवी ते इथे फिरवा. नळ सोडला की पाणी येईल. बाकी सगळं आपोआप होतं."

"हा शब्द ह्यांच्यासमोर नका काढू," वहिनी म्हणाल्या.

फोरमन परत आले ते एका गारठलेल्या दुपारी. घर उबदार होतं. त्यांनी कोट काढला, खोलीत फिरले, रेडिएटरवर तळहात ठेवला, वर, मग खाली. भिंतीवरची चकती पाहिली. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होत्या.

"कोण आलं होतं?"

"मेकॅनिक. मी बोलावला."

"बरं."

एवढंच. वहिनींनी भांडणाची सगळी तयारी केली होती, ती वाया गेली. नवरा बदलला असं त्यांना वाटलं. वाटायला कारणही होतं, कारण पुढे बरेच दिवस फोरमन काही बोलले नाहीत. सवयीने तळघरात जायचे, स्टुलावर बसायचे, मोटरची बारीक घरघर ऐकायचे आणि वर यायचे. शिंप्याने हाक मारली, "फोरमन, गाडी?" तर ते आत निघून गेले. वहिनींच्या बोटांची सूज उतरली. त्यांनी कितीतरी दिवसांनी शर्टाला स्वतः बटण लावलं आणि ते लेकीला फोनवर सांगितलं.

"बाबा गप्प आहेत म्हणजे काहीतरी शिजतंय," लेक म्हणाली.

"तुझं आपलं काहीतरीच. ते तरी म्हातारे होणारच की गं."

मग एका सकाळी वहिनी आंघोळ करत होत्या आणि नळाचं पाणी गार झालं. त्यांनी नळ बंद करून पुन्हा सोडला. गारच. केसांतून गार पाणी पाठीवर उतरत होतं. काही विचार न करता, इतक्या वर्षांच्या सवयीने, त्यांनी पाण्याचा मग उचलला आणि पाइपवर एक ठोका दिला.

थोड्या वेळाने पाणी गरम आलं.

वहिनी पाण्याखाली तशाच उभ्या राहिल्या. मेकॅनिकने बसवलेल्या व्हॉल्व्हला कान नव्हते. ठोका ऐकून लिव्हर फिरवणारं या घरात एकच होतं.

त्या अंग पुसून, कपडे घालून, ओल्या केसांनी तळघरात उतरल्या. फोरमन स्टुलावर बसले होते. पाइपवर जुना लिव्हर होता. मोटरचा व्हॉल्व्ह फळीवर होता, पुसून लख्ख केलेला, तारा नीट गुंडाळून वर्तमानपत्रात ठेवलेला.

"हा का काढला?"

"अडकत होता."

"कधी? एकदाही अडकला नाही."

"अडकला असता," फोरमन म्हणाले. "अगं, आपोआप चालणाऱ्या वस्तूचा काही भरवसा नसतो. आणि आता आलं ना पाणी? ठोकलंस, लगेच आलं. मी आहे ना इथे."

वहिनींनी आपले हात त्यांच्यासमोर धरले. फोरमननी ते पाहिले. ऑपरेशननंतर त्यांना आता स्पष्ट दिसत होतं.

"लाँड्रीवाल्यांनी तुम्हाला काढलं," वहिनी म्हणाल्या. "मी नाही काढलं. त्याची शिक्षा मला किती वर्षं?"

फोरमननी लिव्हर परत डावीकडे, खोल्यांकडे वळवला. "तुझी आंघोळ झाली ना?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला व्हॉल्व्ह उचलला आणि वर गेल्या. जावई न्यायला आला तेव्हा बॅग भरलेली होती. व्हॉल्व्ह टॉवेलात बांधून कपड्यांच्या मध्ये ठेवला होता. जावयाला बॅग उचलताना तिचं वजन कळलं. "आई, यात काय लोखंड भरलंय?"

"हो," त्या म्हणाल्या.

मेकॅनिकच्या दुकानात तसले व्हॉल्व्ह रांगेने मांडलेले असतात, हे त्यांना माहीत आहे. पण फोरमनना तो परत लावायचा झाला तर त्यांनी येऊन मागावा, एवढीच त्यांची अट आहे. ती त्यांनी फोनवर स्वच्छ शब्दांत सांगितली. फोरमननी ऐकून घेतलं आणि पंप नवा असला तरी आवाज करतो, अशी तक्रार केली.

थंडी संपली, उन्हाळा गेला, परत थंडी आली. व्हॉल्व्ह लेकीच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे आहे. वहिनींची बोटं बरी आहेत. लेकीच्या बाथरूममध्ये सुरुवातीला त्या मगाने पाइपवर ठोकायच्या आणि मग स्वतःवरच चिडायच्या. आता नाही ठोकत.

फोरमन सकाळी तळघरात जातात. लिव्हर उजवीकडे करतात, जिना चढून आंघोळ करतात, जिना उतरून लिव्हर डावीकडे करतात. धुराड्याचं नवं झाकणही त्यांनी काढलं आहे, त्यामुळे पाणी वर पोचेपर्यंत कधी ज्योत विझते, मग ते पुन्हा खाली जातात. गुडघे दुखतात, पण शर्टाच्या खिशात किल्ली असते.

परवा शिंप्याने दुकान उघडताना विचारलं, "फोरमन, वहिनी कधी येणार?"

"येईल," फोरमन हात पुसत म्हणाले. "जरा बॉयलरचं काम संपू दे."