थ्रॉटलचा जड दांडा

कौंडण्यपूरला वर्धेच्या घाटावर आमची एक छोटी मोटारबोट आहे. अस्थी विसर्जनाला आलेल्या लोकांना बाबा तिच्यातून नदीच्या मधोमध न्यायचे. तिथं बोट धारेत एका जागी धरून ठेवावी लागते, कारण अस्थी सोडणारा माणूस पाण्यावर वाकलेला असतो. अशा वेळी सगळा भरवसा थ्रॉटलच्या दांड्यावर, म्हणजे वेग कमी-जास्त करण्याच्या दांड्यावर.

यंदा तो दांडा फारच जड झाला. मी म्हटलं, "बाबा, खोलून पाहतो."

"राहू दे. घट्टच बरा हाये तो."

मला कुणी नको म्हटलं की माझे हात जास्तच शिवशिवतात. बाबा देवळात गेले आणि मी पेचकस घेऊन बोटीत उतरलो. आमच्याकडे काहीही जाम झालं की आधी तेल, मग ते शेतातला पंप असो की दाराची कडी. केबलमध्ये तेल सोडलं. काडीचा फरक नाही. मग केबलची दोन्ही टोकं सोडवली. केबल सुरळीत सरकत होती, इंजिनाची बाजूही मोकळी होती. म्हणजे दुखणं दांड्यातच. झाकण काढलं तर आत एक स्क्रू गच्च आवळलेला. दांडा ठेवला तिथंच टिकावा म्हणून तो थोडासा आवळायचा असतो. एवढा कोणी आवळला, असं पुटपुटत मी तो सैल केला. सगळं परत जोडलं. आता दांडा एका बोटानं हलत होता, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

थोड्या वेळानं नांदगाव खंडेश्वरचं एक कुटुंब आलं. नवऱ्याच्या अस्थी मांडीवर घेऊन एक म्हातारी मधे बसली. धारेत पोचल्यावर बाबांनी वेग उतरवायला घेतला, तसं इंजिन एकदम घुरकलं, दबलं, पुन्हा घुरकलं. बोटीला हिसका बसला. म्हातारी कलंडली, तिला मुलानं धरलं.

मी बाबांच्या हाताकडे पाहिलं. हात थरथरत होता आणि हातासोबत दांडाही.

"स्क्रू ढिला केला का तू?"

"हो."

"म्याच आवयला होता. हात कापते आता." मग हात पुढे करून म्हणाले, "दे पेचकस."

पेचकस माझ्या खिशात होता. तो देणं सोपं होतं. पण बोटीत माणसं होती.

"नाई बाबा. तुमी उठा."

जन्मात मी त्यांना असं बोललो नव्हतो. ते बाकाला धरत उठले आणि पुढे जाऊन त्या लोकांत बसले. मी दांडा हातात घेतला. बोट स्थिर झाली, अस्थी पाण्यात गेल्या.

परतताना म्हातारीनं डोळे पुसत बाबांना विचारलं, "नाव तुमचीच काय, दादा?"

बाबा पाण्याकडे पाहत होते.

"होती," ते म्हणाले.