दोन पंचम्या

"दुरुस्ती असेल तर आजच. नंतर आकडा बदलत नाही," असं साहेबांनी सुनावणीच्या सुरुवातीलाच बजावलं होतं, आणि मी मांडीवर लॅपटॉप उघडून घामाघूम झाले होते.

माझं माहेर बाळकुमचं, कोळ्यांचं. खाडीवर नवं बांधकाम येणार होतं आणि आमची जाळी लावायची जागा त्यात जात होती. ती राखायची तर तिथे मासळी किती मिळते हे दाखवायला हवं होतं. आईने कित्येक वर्षं रोजची मासळी वहीत टिपून ठेवलेली. तिथीप्रमाणे, कारण भरती-ओहोटी तिथीवर चालते, तारखेवर नाही. मी नोकरीत आर ही आकडेमोडीची संगणकभाषा वापरते, म्हणून गावाने ते काम माझ्यावर सोपवलं. डोंबिवलीला सासरी बसून मी अख्खी वही लॅपटॉपवर चढवली. वर्षाच्या यादीत महिन्यांची यादी, महिन्याच्या यादीत तिथींची. नाव सांगितलं की आतला घटक हजर! पौर्णिमा आणि अमावस्या तेवढी वहीशी ताडून पाहिली, बरोबर निघाली आणि मी खुशाल अहवाल देऊन टाकला. मोठी शहाणी ना मी.

"आजी, तुम्ही तोंडी सांगताय त्याच्या निम्म्याहून जरासंच जास्त मुलीच्या अहवालात आहे," साहेब माझ्या आईला म्हणाले. "खरं काय धरायचं?"

मी वेड्यासारखी बटणं बडवत होते. एक चौकटी कंस लावला की आतली यादी यादीच राहून परत यायची आणि बेरीज अडायची. मसाल्याच्या डब्यातली हळद मागावी आणि हातात बंद पुडी यावी, तसं. दोन कंस लावले की पुडी सुटायची, आकडा मिळायचा, पण तोच, तोकडा. कुठे गेली माझ्या आईची मासळी? ताडून बघायला वहीही घरीच राहिली होती. सगळा गाव मागच्या बाकांवर बसला होता आणि मला तिथेच रडू फुटायचं बाकी होतं.

आई उठली. "साहेब, मी म्हातारी झाले. मना आता इसार परतो. पोरीनं मोजलंय तेच खरं धरा."

साहेबांनी ते लिहून घेतलं. आईने खाली सही केली.

घरी आल्यावर मी वही घेऊन ओट्यावर बसले आणि एकेक ओळ स्क्रीनशी ताडत गेले. श्रावणातली पंचमी अर्धीच. आई शेजारी येऊन टेकली. "ही पंचमी कंची? उजेरातली का कालोखातली?"

मी स्क्रीनवरची नावं पुन्हा वाचली. महिन्यात पंचम्या दोन, शुद्ध आणि वद्य. मी दोघींना एकच नाव दिलं होतं, आणि एका नावाचे दोन घटक असले की ही भाषा कुरकुर न करता पहिला उचलून देते. प्रत्येक महिन्याचा वद्य पक्ष असाच गेला होता. पौर्णिमा आणि अमावस्या एकेकदाच येतात, म्हणून तेवढ्या बरोबर निघाल्या. घड्याळात सात वाजले होते. कार्यालय कधीच बंद झालं होतं.

"आई, माझं चुकलं गं. तुझंच बरोबर होतं."

"मना ठाव व्हतं," आई म्हणाली. "पन सगल्या गावासमोर तुला खोटी कशी पारू?"