धाकट्याचा पुतळा

सैन्यात जायचं वेड होतं थोरल्याला. धाकटा त्या दिवशी भरतीला गेला तो नुसता सोबत म्हणून. थोरल्याला नजर कमी म्हणून परत पाठवलं आणि धाकट्याला ठेवून घेतलं. झालं! थोरला नळदुरुस्तीच्या कामाला लागला, पण पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबेना.

धाकटा सुट्टीवर आला की आई त्याच्याभोवती घिरट्या घालायची. ताजं, गरम ते त्याच्या पानात. थोरल्यानं तोंड वाकडं केलं की म्हणायची, "तू काय बाबा, घरचाच!"

पुढं युद्ध पेटलं. जखमी सोबत्याला पुलावरून ओढून आणताना धाकट्याला गोळी लागली. थोरला ढसाढसा रडला, खोटं कशाला बोला! पण डोळे पुसून पाहतो तर काय, जो तो त्याला "शहिदाचा भाऊ" म्हणू लागलेला. मेल्यावरसुद्धा बाजी मारली पठ्ठ्यानं, असं त्याच्या मनात यायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची, पण जळणं काही जायचं नाही.

चौकात धाकट्याचा पुतळा बसवायचं ठरलं. मूर्तिकाराकडं फोटो होता तो फक्त चेहऱ्याचा. "तुम्ही सख्खे भाऊ ना? मग अंगासाठी तुम्हीच उभे राहा की," तो म्हणाला. थोरल्याला आयतंच फावलं! गणवेश चढवून, छाती फुगवून तो रोज कारखान्यात उभा राहू लागला. तोंड असू दे त्याचं, धड तर आपलं! लोक सलाम ठोकतील तो आपल्याच छातीला.

मातीचा पुतळा तयार झाल्यावर त्यानं आईला पाहायला नेलं. चेहरा पाहून ती लगबगीनं पुढं झाली. दोन्ही खांदे चाचपले, पाठीवरून हात फिरवला आणि एकदम थांबली.

"अरे, हे तर तुझं अंग आहे."

आईनं आपल्याकडं बघावं म्हणून जन्मभर झुरला होता तो. आणि आता म्हणाला, "छे गं, त्याचंच आहे."

"मला शिकवतोस? दोघांना मीच न्हाऊमाखू घातलंय." ती तिथंच मटकन बसली. "मला वाटलं, इथं तरी त्याला हात लावायला मिळेल."

थोरला मूर्तिकाराकडं वळला.

"मोडा हे," तो म्हणाला. "आई सांगेल तसं करा."