डॉ. मुकुंदवाडी उद्या रजेवर

मुकुंदवाडीच्या बाजाराकडं वळलं की मोबाइलच्या दुकानावर डॉ. सुकेशनी कडूबा यांचा दातांचा दवाखाना आहे. पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं होतं, "मॅडम, वडलांचं नाव पूर्ण लिहू, का नुसता 'क' टाकू?" त्यावर सुकेशनी अशी खेकसली की बिचाऱ्यानं 'कडूबा' तिच्या नावाहून मोठं काढलं. ते अजून तसंच आहे.

कडूबानं देवगाव रंगारीच्या माळावर जन्मभर मेंढरं राखली आणि पोरीला दातांची डॉक्टर केली. सुकेशनीही लहानपणी सुट्ट्यांत मेंढरांच्या वाड्यामागं हिंडलेली. घोड्यावर बिऱ्हाड, पुढं मेंढरं, मागं कुत्री, आणि सगळ्यांच्या मागं आई बानाबाईच्या शिव्या. पण शहरात आल्यावर ती हे सांगायची नाही. बापाचं नाव पाटीवर आणि मेंढरं पाटीमागं, असा तिचा कारभार. लाज नाही वाटत, म्हणायची. मग सांगत का नव्हती, ते तिलाच ठाऊक.

शिक्षण झाल्यावर ती जालना रोडला डॉ. मधुसूदन यांच्याकडं सहायक होती. माणूस भला, हात हलका, बोलणं तुपात तळलेलं. तिनं स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा ते म्हणाले, "जा बेटा. पण तुझी खुर्ची मी कुणाला देणार नाही." आशीर्वाद दिला की भाकीत केलं, हे तिला तेव्हा कळलं नाही.

दवाखाना चालला. मग आलं अठरा साल. पाऊस आला कधी आणि गेला कधी, समजलंच नाही. करमाडकडं दिवाळीपासूनच टँकर सुरू झाले. शहरात नळाला पाणी कुठं पाचव्या दिवशी, कुठं सहाव्या, कुठं देवाच्या मर्जीनं. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. चिकलठाण्याच्या पुढं शेतात फ्लॅट उगवत होते, वर बोर्ड 'चोवीस तास पाणी', खाली टँकर उभा. एवढी माणसं येत होती, म्हणजे एवढे दातही येत होते. तरी सुकेशनीची खुर्ची रिकामी राहायला लागली.

पेशंट नव्हते असं नाही. वेळ घ्यायचे आणि यायचेच नाहीत. कुणाची दाढ अर्धी कोरलेली, कुणाची कवळी अर्धी झालेली. सकाळी खुर्चीवर माशा आणि दुपारी एकदम जत्रा. फोन सांभाळणारी आशाबाई वेळा बदलून बदलून रडकुंडीला आली होती. अशातच डॉ. मधुसूदन यांचा फोन आला. अक्षय तृतीयेला त्यांची नवी शाखा सुरू होत होती. "तू सांभाळ. बंद पडायची वाट कशाला बघायची? सन्मानानं ये." सुकेशनीनं अक्षय तृतीयेपर्यंतची मुदत मागून घेतली. फोन ठेवला आणि पहिल्यांदा पाटीकडं बघायला तिला भीती वाटली. ती पाटी उतरवायची म्हणजे कडूबाला खाली उतरवायचं.

तिनं निदान केलं: दवाखान्याला शिस्त नाही. बेशिस्तीवर औषध म्हणजे सॉफ्टवेअर. मधुसूदन सरांकडं होतं तेच, पुण्याच्या मोठ्या कंपनीचं, तिनं संक्रांतीनंतर घेतलं. काय त्याचा थाट! पडद्यावर बत्तीस दात गोल गोल फिरायचे. पेशंटला आदल्या दिवशी मेसेज, सकाळी मेसेज, आला नाही तर 'आम्हाला आपली उणीव भासली' असा मेसेज. आणि दोनदा चुकला की शेवटचा मेसेज, नोंद बंद. हे सगळं इंग्रजीत. सुकेशनीला ते फार आवडलं. आपला दवाखाना पुण्याचा झाला असं तिला वाटायला लागलं. पुण्याचा झाला खरा. पेशंट तेवढे मुकुंदवाडीचे राहिले.

एके दिवशी गोजरबाई जिना चढून वर आली. सत्तरीची बाई, तोंडात दात औषधालाही नाही. कवळीचं माप देऊन झालेलं. वैशाखात नातीचं लग्न, आणि फोटोत दातांसकट दिसायचं हा तिचा पण. ती दारातच उभी राहिली.

"डॉक्टरीणबाई, माझं नाव काढलं म्हणं तुम्ही. मी मेले का काय?"

"अहो मावशी, नाव नाय काढलं—"

"शेजारच्या पोरीनं वाचून दावलं की. राशन कार्डातून म्हाताऱ्याचं नाव कमी करतेत, तसं केलं तुम्ही. माझा नवरा गेला तवा बी त्याचं नाव काढायला मी वरीसभर लावलं होतं!"

"तुम्ही दोनदा आल्या नाय ना, मावशी."

"कशी यीन? दोन्ही डाव पाणी आलं! पाणी सोडून तुमच्या खुर्चीत आ करून बसू? दात नसले तर भाकर कुस्करून खाईन, पण पाणी नसलं तर भाकर थापू कशात?"

एवढं बोलून ती पाय आपटत खाली उतरली. आशाबाई हळूच म्हणाली, "खरंय तिचं. पाण्याच्या दिवशी मी बी उशिरा येते. तुम्ही रागावताल म्हणून बस चुकली म्हणून सांगते."

सुकेशनी खुर्चीत जाऊन बसली, पेशंटच्या. लहानपणी सहा वर्षं सुट्ट्यांत ती वडलांच्या मेंढरांमागं हिंडली होती. कडूबानं जन्मात कुणाला 'मंगळवारी येतो' असं सांगितलं नव्हतं. "इथलं पाणी सरलं की येतो," म्हणायचा, आणि त्याच्या वाटेवरची सगळी गावं त्यावर भरवसा ठेवायची. पाणी असेल तिथं मुक्काम, पाणी उठलं की वाडा उठला. हे जिला दुधाच्या दातांपासून माहीत, ती पुण्याच्या घड्याळावर मुकुंदवाडीला नाचवत होती. तिला स्वतःचीच चीड आली. आणि खरं सांगायचं तर, कितीतरी वर्षांनी तिला त्या वाड्याची, त्या शिव्यांची, खूप आठवण आली.

दुसऱ्या दिवशी तिनं फिरणारे दात बंद केले आणि नवं सॉफ्टवेअर शोधायला घेतलं. ह्या वेळी प्रश्न एकच: उद्या मुकुंदवाडीला पाणी आलं तर तुमचं सॉफ्टवेअर काय करील? हैदराबादचा एक साहेब पडद्यावरून म्हणाला, "मॅडम, कौनसा पानी?" मुंबईची एक गोड आवाजाची बाई म्हणाली की दातांसाठी कोमट पाणीच चांगलं. एकानं तर बाटलीबंद पाण्याच्या एजन्सीसाठी वेगळं सॉफ्टवेअर दाखवायची तयारी दाखवली. सुकेशनीनं कपाळावर हात मारला. होळी अजून यायची होती, पण शिमगा रोज सुरूच होता.

शेवटी राहिला हिमांशू. सिडकोत एका खोलीत दोन मित्रांनी काढलेली कंपनी. त्याला अकराची वेळ दिली होती. पोरगा साडेबारा वाजता उगवला. केस ओले, शर्टाची बाही भिजलेली.

"सॉरी मॅडम," तो धापा टाकत म्हणाला. "आज आमच्या एरियाला पाणी होतं. आई म्हणाली, आधी टाकी भर, मग कुणाला काय विकायचं ते विक."

आशाबाईनं सुकेशनीकडं बघितलं, सुकेशनीनं आशाबाईकडं, आणि दोघी अशा हसल्या की तो घाबरून दारापर्यंत मागं सरकला. "बस रे बाबा," सुकेशनी म्हणाली, "आशाताई, ह्याला चहा सांगा. हाच तो!"

त्याचं सॉफ्टवेअर दिसायला अगदीच साधं. दात फिरत नव्हते. एकाच जागी गपगुमान उभे होते. पाण्याचा दिवस त्यातही नव्हता. "पण डॉक्टरांची रजा आहे," हिमांशू म्हणाला. "डॉक्टर रजेवर टाकला की त्याच्या सगळ्या पेशंटच्या वेळा आपोआप पुढं जातात आणि त्यांना मराठीत मेसेज जातो. फक्त तुम्ही एकट्याच डॉक्टर. तुम्ही रजेवर गेलात तर दवाखानाच बंद."

सुकेशनीनं चहाचा कप खाली ठेवला. "किती डॉक्टर घालता येतात ह्यात?"

"कितीही."

"मग घाल. पहिले डॉ. मुकुंदवाडी."

हिमांशूला आधी वाटलं, मॅडमना उन्हाचा त्रास झालाय. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला आणि तो खुर्चीतून उठलाच. डॉ. मुकुंदवाडी, डॉ. पुंडलिकनगर, डॉ. रामनगर, डॉ. चिकलठाणा, डॉ. करमाड, असा सगळा स्टाफ तासाभरात भरती झाला. पदवीचा रकाना मोकळा सोडता येईना, तेव्हा आशाबाईनं सगळ्यांपुढं 'नळ' लिहायला लावलं, आणि करमाडपुढं 'टँकर'. ज्या भागाचा पेशंट, तो त्या डॉक्टरच्या नावावर. दात बघणार सुकेशनीच. ज्या भागाला उद्या पाणी, तो डॉक्टर उद्या रजेवर.

उद्या पाणी कुठं, हे सांगायला फकिरा होता. पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवणारा लाइनमन. दिवसभर लोखंडाशी झटणारा हा गडी सुईला असा भ्यायचा की त्याची दाढ काढताना आशाबाईनं त्याचा हात धरून ठेवला होता. तेव्हापासून त्यानं तिला बहीण मानलं होतं. कुठं पाणी सुटणार ते तो लोकांना सांगायचाच, आता आशाबाईलाही संध्याकाळी फोन करायला लागला.

पहिल्याच दिवशी आशाबाईच्या हातून घोटाळा झाला. मेसेज फक्त उद्याची वेळ असलेल्यांना जायचा, तर तिनं भलतंच बटण दाबलं आणि आजवर मुकुंदवाडीतून आलेल्या प्रत्येक पेशंटला मेसेज गेला: 'डॉ. मुकुंदवाडी उद्या रजेवर आहेत.' फोन खणखणायला लागला. हा कोण नवा डॉक्टर? कधी आला? गोजरबाईचाही आला. "बाप्या हाये का बाई? बाप्या आसंल तर मी तोंड उघडायची नाय!"

"मावशी, डॉक्टर-बिक्टर कोणी नाय," आशाबाई वैतागून म्हणाली. "त्याचा अर्थ, उद्या तुमच्याकडं पाणी हाये!"

दुसऱ्या दिवशी खरंच पाणी आलं. मग काय विचारता! ते भलतं बटणच सुकेशनीनं कायम केलं. गोजरबाईनं गल्लीत सांगितलं, गल्लीनं वस्तीत. डॉक्टर रजेवर म्हटलं की रात्रीच पिंप घासून तयार. आणि डॉक्टर हजर म्हटलं की माणसं निवांत, दवाखान्यात दिलेल्या वेळेला हजर. सुकेशनीची खुर्ची गार पडेनाशी झाली. ज्यांचा एक दात दुखत नव्हता त्या बायकाही जिना चढून येऊन म्हणायच्या, "ताई, आमचं नाव लिहून घ्या, रामनगरच्या डॉक्टरखाली." फुकट कसं लिहायचं, म्हणून सुकेशनी म्हणायची, "आधी आ करा." आ केलं की आत काहीतरी सापडायचंच, आणि लांबलांबच्या भागांचे नवे डॉक्टरही भरती होत गेले.

गोजरबाईची कवळी चैत्रातच बसली. आरशात बघून ती आधी लाजली, मग पदरातून फुटाण्याची पुडी काढून तिनं एक फुटाणा तिथंच कडाडा फोडला. "लई झ्याक!" ती म्हणाली, आणि सुकेशनीच्या गालावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली. "कोन्च्या गावची गं तू?"

"देवगाव रंगारीची. मेंढरं होती आमची." पहिल्यांदाच ती हे इतक्या सहज बोलून गेली.

"तरीच," गोजरबाई म्हणाली. "तरीच तुला पाणी कळतं."

अक्षय तृतीया आली. डॉ. मधुसूदन यांच्या नव्या शाखेत झेंडूच्या माळा, पेढे, थंडगार हवा. सुकेशनी आली तेव्हा सर दारातच उभे होते. "ये, ये. काय ठरलं मग? तुझं टेबल खिडकीजवळ ठेवलंय."

ती वाकून पाया पडली. "सर, माझ्याकडं जागा नाहीये हो वेळेची. पुढचे दोन आठवडे भरलेत. मलाच एक सहायक बघायचाय, तुमच्या माहितीत कुणी असेल तर सांगा."

तेवढ्यात सरांच्या पत्नी प्रमोदिनीबाई पेढ्यांचं ताट घेऊन आल्या आणि सुकेशनीला बघताच ताट सरांच्याच हातात देऊन मोकळ्या झाल्या.

"अगं, तू बरी भेटलीस! काल तुझा मेसेज आला नाही. डॉ. उल्कानगरी उद्या आहेत की रजेवर? मला टाकी धुवायचीय."

"म्हणजे?" सर म्हणाले. "तू हिची पेशंट? दातांचा डॉक्टर घरात असताना?"

"घरातल्या डॉक्टरला पाणी कधी येतं ते ठाऊक आहे का?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "मी मार्चमध्येच नाव लिहून आले. आणि जाता जाता दाढही भरून घेतली. तुम्ही वर्षभर 'बघू' म्हणत होतात तीच."

सर आधी बायकोकडं बघत राहिले, मग सुकेशनीकडं. मग त्यांनी ताटातला सगळ्यात मोठा पेढा उचलला आणि स्वतःच्या हातानं शिष्येला भरवला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. "कडूबांना माझा नमस्कार सांग," ते म्हणाले.

सुकेशनी फार वेळ थांबली नाही. तिला परत जायचं होतं. दुपारी डॉ. चिकलठाणा हजर होते.