उन्हात जुळवलेल्या कोळंब्या

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या वाट्याला समुद्र आला तो थर्माकोलच्या खोक्यातून. तोवर मी समुद्र पाहिला नव्हता. आमचं गाव वाशीमच्या पुढे. तिथे समुद्र म्हणजे नकाशाची निळी कडा. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्या, आमच्या मार्गदर्शक मॅडमच्या एका मैत्रिणीने अकरा फेदर स्टार, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, बर्फात घालून पाठवले होते. फेदर स्टार हा तारामाशाचा नातलग, पिसांसारखे हात पसरून खडकाला धरून बसतो. त्या हातांच्या आडोशाला नखाएवढ्या कोळंब्या राहतात, बहुतेक वेळा नर-मादीची जोडी. त्यांची एक नांगी अंगाच्या मानाने फारच मोठी असते आणि ती मिटली की चुटकी वाजवल्यासारखा आवाज होतो.

माझा प्रबंध एका साध्या प्रश्नावर होता: कोळंबीचा रंग ती ज्या फेदर स्टारवर राहते त्याच्याशी जुळतो का? प्रबंध जूनपर्यंत द्यायचा होता, नाहीतर वर्ष जाणार होतं. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडिलांनी भावकीला "दोनच वर्षं" असं सांगून मला पुण्याला पाठवलं होतं. तिसरं वर्ष मागायला मला तोंड नव्हतं.

कर्वेनगरला मी एका काकूंकडे पेइंग गेस्ट होते. माझी रूममेट रोज कंपनीच्या बसने खराडीला आयटी पार्कात जायची. ती विचारायची, "तुझ्या कोळंबीचं पॅकेज किती गं?" मी गंभीरपणे तिला नांगीबद्दल सांगायला लागले की ती हेडफोन लावायची.

खोकं आलं त्या दिवशी मॅडमना मीटिंग होती. "उघड आणि नीट लावून ठेव," एवढंच त्या म्हणाल्या. आता नीट म्हणजे काय, हे मी शाळेत शिकले होते. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एकच कपाट होतं, आणि त्यातल्या बाटल्या गुरुजींनी इतक्या शिस्तीने लावल्या होत्या की साप सापांत आणि विंचू विंचवांत. मी प्रत्येक पिशवी उघडली, चिमट्याने कोळंब्या अलगद सोडवल्या, सगळ्या एका ट्रेमध्ये ठेवल्या, फेदर स्टार दुसऱ्या ट्रेमध्ये. रिकाम्या पिशव्या टाकून दिल्या आणि टेबल पुसलं.

मॅडम आल्या. दोन्ही ट्रेंकडे बघून म्हणाल्या, "छान. आता कुठली कोळंबी कुठल्या फेदर स्टारवरची, ते सांग."

मी टाकलेल्या पिशव्या डब्यातून काढून पाहिल्या; सगळ्या सारख्याच होत्या.

संध्याकाळी मी काकूंच्या दुकानात गेले. कोपऱ्यावर त्यांचं मॅचिंग सेंटर होतं. साडी आणायची आणि तिच्या रंगाचं ब्लाउजपीस न्यायचं. माझा चेहरा बघून काकू म्हणाल्या, "अगं, रडायचं असेल तर बाहेर रड. कापडावर डाग पडतात." मी बाहेर गेले. काकू मागोमाग आल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"एवढंच ना? रंग जुळवायचे? तीस वर्षं दुसरं काय करतेय मी?"

"आणू का इथे?"

"इथे? माझ्याकडे अंडंसुद्धा येत नाही. मीच येते तुझ्या कॉलेजात."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या. पदर नाकाला लावून त्यांनी ट्रेंकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ट्यूबलाइटखाली रंग बघतेस? बाहेर चल." काकूंच्या दुकानात कुठलंही कापड दारात उन्हात धरल्याशिवाय फाडलं जात नाही. व्हरांड्यात ट्रे ठेवले आणि मी थक्क झाले. आत सगळ्या कोळंब्या मातकट दिसत होत्या. उन्हात एक विटकरी निघाली, एक काळी आणि पाठीवर पिवळी रेघ, एक जांभळट, एकीवर हिरवट पट्टे. काकू बोट दाखवत होत्या आणि मी चिमट्याने उचलत होते. अर्ध्या तासात अकरा घरं भरली. मी आनंदाने धावत जाऊन मॅडमना घेऊन आले.

मॅडमनी काकूंना नमस्कार केला, मग माझ्याकडे वळल्या. "सुंदर. पण तू रंगावरून जोड्या लावल्यास. आणि आता प्रबंधात लिहिणार की जोड्यांचे रंग जुळतात?"

काकू हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे हो त्यांचं."

त्या दुपारी मी व्हरांड्यातच बसून राहिले. जोड्या पोकळ होत्या, आम्हीच मनाने लावलेल्या. खऱ्या जोड्या आम्हाला नक्की ठाऊक असत्या आणि काकूंना ठाऊक नसत्या, तर? मी उठून मॅडमच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. आणखी एक खोकं मिळालं तर प्रत्येक पिशवीतल्या फेदर स्टारला एक क्रमांक द्यायचा, त्याच्यावरून सोडवलेल्या कोळंब्यांच्या बशीला वेगळाच. कुठला क्रमांक कुठल्याशी जातो, ती यादी मॅडमकडे राहील आणि जुळवतील काकू, काहीही माहीत नसताना. मॅडमनी चष्मा काढला. "हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही, मॅडम."

त्यांनी तिथेच मैत्रिणीला फोन लावला.

दुसरं खोकं मे महिन्यात आलं, त्यातही अकराच निघाले. क्रमांक एकही चुकला नाही. काकू दुकान अर्धा दिवस बंद ठेवून आल्या. या वेळी त्यांनी वेळ घेतला. एका कोळंबीसाठी त्यांचं बोट दोन फेदर स्टारांमध्ये बराच वेळ फिरत राहिलं. "ही नखरेल आहे. कशावरही शोभते." शेवटी हात झटकून म्हणाल्या, "फाडा."

मॅडमनी यादी उघडली. एकेक क्रमांक वाचला. नऊ घरं बरोबर.

"आणि दोन?" काकूंनी विचारलं.

"ती चुकली, काकू."

"चुकली नाहीत. त्या कोळंब्या आदल्या दिवशीच दुसरीकडून राहायला आल्या असतील. भाडेकरू काय कायमचे असतात?"

मॅडम मोठ्याने हसल्या. दोन वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्या म्हणाल्या, "हे लिही. अगदी हेच. कोळंबी घर बदलते का, हा पुढचा प्रश्न."

प्रबंध वेळेत गेला. जोड्यांचं प्रकरण लिहिताना मला एकदाही पुस्तकातलं वाक्य शोधावं लागलं नाही. पहिल्या खोक्याचं काय झालं, तेही मी त्यात लिहिलं. आभारांच्या पानाचा कच्चा खर्डा काकूंना दाखवला, तेव्हा त्यांनी तो दारात नेला, उन्हात धरून सावकाश वाचला.

"मॅडमच्या खाली मी?"

मी पेन काढायला लागले.

"असू दे. निदान खोकं तरी त्यांनी मागवलं."